ताटाकडे बघ

हौसामावशीने मला पहिल्यांदा जेवायला वाढलं तेव्हा मी चांगला धंद्यातला रिक्षावाला होतो. रिक्षा समोरच उभी होती. तरी वाढलं. चूक तिची नव्हती. दाढी वाढलेली, खाकी शर्टाची कॉलर फाटलेली, आणि मी बुवापाड्याच्या नाक्यावर भिंतीला टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपलेलो. भर दुपार, एमआयडीसीची शिफ्ट सुटायला वेळ होता. जाग आली ती मांडीजवळ ताट वाजलं म्हणून. भात, वांग्याची भाजी, आणि वरून आमटीची पळी. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, दोन्हीकडे माणसं मांडी घालून बसलेली. स्टेशनाजवळ झोपणारी, भंगार वेचणारी, घरच्यांनी हाकललेली. मी झोपेत असताना पंगत माझ्या दोन्ही बाजूंनी बसली होती.

शहाण्या माणसाने उठून सांगितलं असतं. मी दोनदा भात घेतला.

घरी जाऊन बायकोला सांगितलं, "संगे, त्या बाईने मला भिकारी समजलं गं."

संगी म्हणाली, "तिने नुसतं ताट ठेवलं. माझ्या बापाने तुला बघून पोरगी दिली. जास्त कोण चुकलं सांग."

दुसऱ्या दिवशी खुलासा करायला गेलो. म्हटलं, "मावशी, काल गैरसमज झाला. मी रिक्षा चालवतो."

ती टोपातला भात मोकळा करत होती. वर बघितलं पण नाय. "मग? रिक्षावाल्याला भूक लागत नाय?"

"लागते ना."

"काल पोटभर जेवला का?"

"हां. जास्तच."

"मग गैरसमज कसला? तो आमटीचा टोप उचल, जड आहे."

उचलला. पुढे रोज मीच उचलला. रोज दुपारी तिच्या घरून टोप माझ्या रिक्षात, रिक्षा नाक्यावर, मग मी पाणी वाढायला. जेवण वाढायला मला कधी दिलं नाय. म्हणाली, तुझ्या हाताला अंदाज नाय, तू स्वतःच्या हिशेबाने वाढशील.

हौसामावशी आमच्याच गल्लीत वरच्या अंगाला राहायची. नवरा लवकर गेलेला, एकच पोरगी, ती लग्न करून नाशिकला. घरात बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली शेगडी, शेगडीशेजारी तांदळाची गोण. सगळी उमर तिची एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला गेली. रिटायर झाली आणि घरी एकटीपुरता भात लावायला बसली, तर हात ऐकेना. कॅन्टीनचा हात तो. टाकला तांदूळ तो दहा माणसांचा. आता फेकायचा कुठे, म्हणून घेऊन स्टेशनाकडे गेली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्त लावला. मी विचारलं होतं, "मावशी, हे समाजकार्य कसं सुचलं?" तर म्हणाली, "सुचलं कुठे? माप चुकलं."

तांदूळ-डाळ यायची उल्हासनगर कॅम्प चारवरून, लछूशेठकडून. किराणावाला सिंधी माणूस. मावशीला अम्मा म्हणायचा. गोण माझ्या रिक्षात टाकताना मला दरवेळी ऐकवायचा, "बबन, चावल पुराना है, फूलेगा. तू मत फूलना."

आता मावशीचा नियम सांगतो. नियम एकच, पण त्यानेच पुढे सगळा घोळ झाला. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाय. ताटाकडे बघायचं.

मी पाणी देता देता गप्पा मारायचो, "काय बाबा, कुठले तुम्ही?" की मावशीचा आवाज यायचा, "बबन्या, ताटाकडे बघ." ती स्वतः वाकून वाढत जायची, नजर ताटावर. ताट रिकामं दिसलं की पळी. हात आडवा आला की पुढे. मला वाटायचं ही कॅन्टीनच्या खिडकीची सवय असेल, त्या खिडकीतून माणसाचं डोकं दिसतच नाय, नुसतं ताट पुढे येतं. एकदा तसं बोललो तर भांडी घासता घासता म्हणाली, "लहान होते तेव्हा एका बाईने दारात बसवून जेवायला घातलं होतं. चांगली होती बिचारी. पण समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कशी खाते म्हणून. घास खाली उतरेना." एवढंच. मग म्हणाली, "राख दे इकडे."

त्यामुळे पंगतीतल्या माणसांची नावं मावशीने ताटावरून पाडलेली. एक होता कोरडा भात, त्याला आमटी वेगळी लागायची. एक भुरकेवाले. एक होती आधी-भाजी, ती बाई भाजी संपवल्याशिवाय भाताला हात लावायची नाय. मला पण नाव होतं. पहिल्या दिवसापासून मी दोनदा-भात.

सगळ्यात मानाचे विहीरवाले आबा. ते भाताच्या मधोमध बोटांनी खड्डा करायचे, गोल, बांधून काढल्यासारखा. त्यात आमटी घ्यायची आणि मग कडेकडेने जेवायचं, पण भिंत फुटू द्यायची नाय. शेवटचा घास होईपर्यंत विहिरीत आमटी. मग ताट बोटाने पुसून असं करायचे की मला घासायला काम नाय. बोलायचे नाय. मावशी त्यांच्यासमोर एक क्षण जास्त थांबायची. एकदा मला म्हणाली, "हा माणूस कधीतरी स्वतःच्या घरात नीट जेवलेला आहे बघ."

एकदा आमच्या इकडचे एक पुढारी भाऊ स्वतःच्या वाढदिवसाला आले. चार पोरं, दोन मोबाईल, एक केक. भाऊंना वाढताना फोटो पाहिजे होता. मावशी म्हणाली, "काढा की. पण ताटाचा काढा. तोंडं नको." भाऊ म्हणाले, "मावशी, मग माझं तरी तोंड?" म्हणाली, "तुम्ही बसा पंगतीला, मग तुमचं पण ताट येईल फोटोत." भाऊ बसले बिचारे, जेवले, मिरची मागून घेतली. पुढच्या आठवड्यात नाक्यावर बॅनर लागला. वर भाऊंचे जोडलेले हात, खाली वांगं-बटाट्याची भाजी आणि भात. लोकांना वाटलं भाऊंनी खानावळ टाकली. दोन जण माझ्या रिक्षात बसून म्हणाले, त्या भाऊंच्या हॉटेलला सोड.

असं सगळं मजेत चाललेलं, आणि एक दिवस विहीरवाले आबा ताटात टाकून उठले.

मी ताटं गोळा करत होतो. आबांचं ताट उचलायला वाकलो. विहीर तशीच, आमटीने भरलेली, एका बाजूचे चार घास गेलेले. मी मावशीला दाखवलं. ती ताटाकडे बघत राहिली.

"बरं नसेल," मी म्हटलं.

"हा माणूस शीत ठेवत नाय, बबन."

दुसऱ्या दिवशी आबा आले नाय. त्याच्या पुढच्या दिवशी पण नाय. आणि मावशीचं एक होतं, पंगत पुरी झाल्याशिवाय वाढणाऱ्याने जेवायचं नाय. आम्ही टोप घेऊन घरी गेलो की मग ती एकटी जेवायची. आता ती आबांचं ताट झाकून ठेवायला लागली आणि स्वतः बसेना. म्हणायची, "येतील. पंगत उठली नाय अजून." संध्याकाळ व्हायची. तिला साखरेचा आजार, गोळी चालू. गोळी घ्यायची आणि वर चहा. मी रागावलो, संगीने जाऊन समजावलं, नाशिकवरून पोरगी फोनवर ओरडली. मावशी एकच बोलायची, "आजारी माणूस उपाशी पडला असेल कुठेतरी, आणि मी जेवू?" एकदा भिंतीला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. मग माझी टरकली. म्हटलं, मावशी, तू काळजी करू नको, मी शोधून आणतो.

मोठ्या तोंडाने बोललो आणि रिक्षा काढली. स्टेशनापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, शोधायचं कुणाला? आबा दिसतात कसे, मला माहीत नाय. मावशीला माहीत नाय. एवढे दिवस पाणी पाजलं, पण तोंड कोणी बघितलंय? आयुष्यात मी कुठलाच नियम पाळला नाय, सिग्नल पाळला नाय, तो एक पाळला आणि असा गळ्यात आला.

चौकीत गेलो. हवालदार साहेब डबा उघडून बसले होते. म्हणाले, "बोल. नाव काय?"

"माझं?"

"हरवलेल्याचं."

"माहीत नाय साहेब. आबा म्हणतो आम्ही."

"वय?"

"आबा आहेत म्हणजे, असेल साठ-सत्तर."

"रंग? उंची? दाढी-मिशी?"

"बसलेले असायचे साहेब. तोंड नाय बघितलं."

"रोज जेवायला घालता आणि तोंड नाय बघितलं?"

"तसा नियम आहे साहेब. पण जेवतात कसे ते सांगू शकतो." आणि मी सगळं सांगितलं. विहीर, भिंत, कडेकडेने.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग मी काय लिहू? भातात विहीर करणारा इसम?"

माझी नजर सवयीने त्यांच्या डब्यावर गेली.

"काय बघतोस?"

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही पण थोडी विहीरच केलीय."

त्यांनी मला बाहेर काढलं. पण माणूस चांगला, मागून ओरडले, "अरे, सरकारी दवाखान्यात बघून ये आधी."

तिथे पण गेलो. वॉर्डात खिचडी वाटायची वेळ साधून गेलो आणि खाटेखाटेवरची ताटं बघत फिरलो. खिचडीत विहीर होत नाय, हे मला तिथे गेल्यावर कळलं. सिस्टर म्हणाली, "काय पाहिजे तुम्हाला?" मी म्हटलं, काही नाय, बघतोय. तिने माझ्या हातात पण खिचडीचं ताट दिलं. माझ्या तोंडावरच तसं काहीतरी असणार.

मग मी शक्कल लढवली. मावशीकडून भात आणि आमटी डब्यात घ्यायची, पुलाखाली, मंदिराबाहेर, जिथे म्हातारा माणूस दिसेल तिथे बसायचं आणि वाढायचं. एका आजोबांनी सगळं एकत्र कालवलं, ते बाद. एक जण बसची वाट बघणारे रिटायर मास्तर निघाले, त्यांनी मला शिकलेल्या भाषेत शिव्या घातल्या, मला अर्ध्या कळल्या. आणि तिसऱ्याने भातात हात घातला आणि केली की विहीर. मी नाचायचाच बाकी. त्यांना रिक्षात घातलं, हॉर्न वाजवत बुवापाड्यात आणलं. "मावशी, घे तुझे आबा."

मावशी धडपडत आली. त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाय. ताट वाढलं आणि ताटाकडे बघत बसली. दोन घासात म्हणाली, "हे नाय."

"अगं विहीर केलीय ना."

"भिंत फुटली."

ते आजोबा नंतर रोज यायला लागले. फुटकी विहीर नाव पडलं. पण मावशीच्या तोंडचं पळालेलं पाणी काही परत आलं नाय.

मग एका दुपारी लछूशेठचा फोन. गोण घेताना मी त्याला विहिरीचं सगळं सांगून ठेवलेलं. बदलापूरला माल टाकायला गेलेला. मागे भांड्यांचा आवाज. "बबन, कुआँ मिल गया."

"कसला कुआँ?"

"अरे, यहाँ खानावल में मैं खा रहा हूँ. बर्तन धोनेवाला बुड्ढा पीछे बैठा है, चावल में कुआँ बना के. दीवार एकदम सॉलिड. अम्मा को बोल."

मी एक फुटकी विहीर आणून बसलो होतो, माझा विश्वास नव्हता. म्हटलं, जाऊन नुसतं बघून येतो. पण मावशी चप्पल घालून रिक्षात बसलेली. मांडीवर झाकलेलं ताट. ती बाई नाक्याच्या पुढे कुठे जायची नाय. मी पूर्ण रस्ता बडबड केली. एका खड्ड्यात रिक्षा गेली तेव्हा ती फक्त म्हणाली, "आमटी सांडंल."

खानावळ बदलापूर स्टेशनापासून आत. लछूशेठ तिथेच थांबलेला. गिऱ्हाईक उठलेलं, मागच्या पडवीत कामाची माणसं जेवायला बसलेली. मावशी दारातच थांबली. एक माणूस पाठमोरा, खाली मान घालून जेवत होता. मावशी बाजूने गेली आणि ताट दिसेल अशी उभी राहिली. मी तिच्या मागे. भात कडेकडेने कमी होत होता आणि मधे आमटी तशीच उभी.

मावशीने माझा दंड धरला. मी हाक मारणार होतो, तर दाबला. "जेवू दे," म्हणाली.

आम्ही उभे राहिलो. शेवटचा घास झाला. ताट पुसलं. मग मावशीने पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी पण वर बघितलं. आणि दोघांपैकी कुणीच कुणाला ओळखलं नाय.

"कोण पाहिजे?" आबा म्हणाले. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला.

मावशीने बाजूच्या टोपातली पळी उचलली, वाकली, त्यांच्या ताटावर धरली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "आमटी वाढू?"

आबा त्या हाताकडे बघत राहिले. मनगटावरचं गोंदण, काचेच्या दोन बांगड्या. मग ताट बाजूला ठेवून उभे राहिले. "मावशी," म्हणाले, "तुम्ही आहात होय."

त्या दिवशी झालं होतं असं. खानावळवाल्याचा टेम्पो नाक्यावर थांबला, भांड्याला माणूस पाहिजे, आत्ता चल नायतर दुसरा घेतो. आबा हातातला घास टाकून उठले. इथेच झोपायला जागा, दोन टाइम जेवण, पगार. "सांगायला आलो होतो एक दिवस," ते म्हणाले. "उशीर झाला, पंगत उठून गेली होती. विचारायचं कुणाला? तुमचं नाव माहीत नाय, तोंड कधी बघितलं नाय. मान वर केलीच नाय ना कधी. मावशी म्हणून विचारावं तर अर्धा बुवापाडा मावशीच."

"कशाने आला होतात?" मी विचारलं.

"शेअर रिक्षाने. रिक्षावाल्याने मला चौथा म्हणून पुढे बसवलं आणि वर भांडला, आबा, जरा आत सरका, मला हँडल मारू द्या." ते माझ्याकडे बघायला लागले. "आवाज ओळखीचा वाटला होता. पण तुम्ही तर पाणी द्यायचात."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी आमटीच्या टोपाकडे बघितलं. ज्या माणसासाठी मी दवाखान्याची खिचडी खाल्ली, तो माझ्या मांडीला मांडी लावून स्टेशनापासून नाक्यापर्यंत आला होता.

मावशी हसायला लागली. आवाज न करता हसायची ती, खांदे हलायचे. हसता हसता पडवीच्या पायरीवर बसली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "बरं आहे ना सगळं? बरं आहात ना?"

"बरं आहे. तुम्ही जेवलात?"

मी मधेच बोललो, "कुठे जेवल्यात? तुम्ही टाकून उठलात तेव्हापासून दुपारचं जेवल्या नाय."

आबांनी ताट धुतलं, पुसलं, मावशीपुढे ठेवलं आणि भात वाढला, पाणी दिलं, शेजारी वाकून उभे राहिले. ती घरून आणलेलं झाकलेलं ताट सोडून त्यांनी वाढलेलं जेवली. तिला जेवताना मी कधी बघितलं नव्हतं, ती नेहमी शेवटी, एकटी. विहीर नाय, भिंत नाय, सगळं एकत्र कालवून मोठे मोठे घास. आबांची नजर ताटावर. मला राहवलं नाय, मी तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. पंगत उठली होती एकदाची.

मान वर न करता ती म्हणाली, "बबन्या, ताटाकडे बघ."

तिने झाकून आणलेलं ताट वाया जाऊ नये म्हणून मी जेवलो. लछूशेठ म्हणाला, "इसको बोलो, ये खानावल है, ससुराल नहीं."

त्यानंतर आबा सुट्टीच्या दिवशी यायला लागले, वाढायला. मावशीने त्यांना पहिल्याच दिवशी पळी दिली. मी अजून पाण्यावरच.

पुढे मावशीचे गुडघे गेले. नाशिकवरून पोरगी न्यायला आली, तिला बाळ झालेलं, तिला पण आईची गरज. मावशी हो म्हणाली. गल्लीतल्या बायकांनी शेगडी वाटून घेतली, आज हिच्याकडे भात, उद्या तिच्याकडे. जायच्या दिवशी मावशी नाक्यावर आली आणि टोपाकडे न जाता सरळ पंगतीत जाऊन बसली. कोरडा भात आणि फुटकी विहीर यांच्या मधे. आबांनी वाढलं. मी पाण्याचा जग घेऊन मागून गेलो. मनात होतं, आज तरी डोळे भरून बघून घ्यावं, परत कधी भेटेल.

तिच्यासमोर आलो, वाकलो, आणि मान वर होईना. सवय लागली होती.

त्यामुळे शेवटचं मी काय बघितलं म्हणाल तर तिचं ताट. तिने पाण्यासाठी पेला पुढे केला, मी भरला, ती म्हणाली, "बस." मी पुढे सरकलो. परत येऊन ताटं गोळा करायला लागलो तोपर्यंत पोरगी तिला घेऊन गेली होती.

ताट उचललं. एक शीत नव्हतं. बोटाने पुसून घेतलेलं. मी निवांत झालो. म्हटलं, बरी आहे.